आतड्यात मळ चिकटतो म्हणे!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपराच्या रविवारच्या पुरवणीत परत ती जाहिरात दिसली, आतड्यांना वर्षानुवर्षं चिकटलेला मळ काढणाऱ्या पावडरीची, बाजूला तुंबलेल्या पायपाचं काळंकुट्ट चित्र. मी २६ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, म्हणजे डॉक्टरांनी काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉनचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. आतड्याच्या स्लाइडी किती केल्या त्याचा हिशोब नाही, पण हा मळाचा थर काय मला एकदाही दिसला नाही.

दिसतं ते भलतंच सुंदर असतं हो. लहान आतड्यात अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे विलाय, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, वायंगणातलं भात उभं असावं तसे दाट, आणि त्यांच्यावरच्या प्रत्येक पेशीच्या टोकाला परत मखमलीसारखी लव, ती तर आमच्या साध्या मायक्रोस्कोपखाली नुसती एक गुलाबी रेघ दिसते. अन्नातलं सत्त्व आत घ्यायचं काम तिथंच चालतं. मोठ्या आतड्यात विलाय नसतात, तिथं टेस्ट ट्यूब उभ्या लावल्यासारखे खड्डे, आणि त्यात पांढरे पांढरे फुगे, गॉब्लेट सेल. त्या बुळबुळीत म्युकस सोडत राहतात, म्हणून तर सगळं सरकत पुढं जातं.

आणि खड्ड्यांच्या तळाला स्टेम सेल असतात, त्या नवीन पेशी करत राहतात, जुन्या वर ढकलल्या जाऊन गळून पडतात. लहान आतड्याचं अस्तर असं ३ ते ५ दिवसांत बदलतं, मोठ्याचंही काही दिवसांतच. मग चवथीला खाल्लेल्या नेवऱ्या ज्या भिंतीवरून गेल्या ती भिंतच दिवाळीला राहिलेली नसते, मळ वर्षानुवर्षं चिकटणार कुठं?

आता खरी गंमत. आमच्या वाड्यावरची एक मावशी तीन वर्षं रोज रात्री अशीच एक पावडर घ्यायची, डब्यावर बारीक अक्षरात सोनामुखी, म्हणजे पोट साफ करणारी एक वनस्पती, लिहिलेलं. पुढं कोलोनोस्कोपी करावी लागली तर आतडं आतून तपकिरी-काळं, घरचे घाबरले, तिला वाटलं हाच तो मळ, पावडर कमी पडली! उलट आहे. सोनामुखी रोज घेतली की अस्तराच्या पेशी जास्त मरतात, त्यांचा कचरा खाल्लेल्या मॅक्रोफेज पेशी अस्तराखाली बसून राहतात, स्वतःच्या आत तपकिरी रंगाची भुकटी घेऊन. मेलॅनोसिस कोलाय म्हणतात त्याला. असल्या स्लाइडी मात्र मी केल्यात, भरपूर. म्हणजे जाहिरातीतला काळा पाइप खोटा, पण पावडर खाऊन आतडं काळं होतं हे खरं 😄

डॉक्टरांनी सांगितलं, घाबरू नका, बंद केली की काही महिन्यांत रंग उतरतो. बद्धकोष्ठाचा त्रास असेल त्याने थोडे दिवस सोनामुखी डॉक्टरला विचारून घेतली तर माझं काही म्हणणं नाही, पण "आयुर्वेदिक हा, काय होत नाही" म्हणून वर्षं-वर्षं?

जाहिरातीचे पैसे तुम्हाला लागतात ते समजतं. निदान त्यात काय घातलंय आणि किती दिवस घ्यायचं ते तरी त्या पायपाच्या चित्राएवढ्या मोठ्या अक्षरात छापायला सांगा.

मावशीने डबा घासून उन्हात वाळवला, आता त्यात अळसांदे भरलेत.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, डिचोली