कोयत्याच्या हिशेबात नसलेली मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक बालकामगारविरोधी दिनाच्या, म्हणजे १२ जूनच्या आसपास दरवर्षी जे लेख छापून येतात, त्यांत बालमजुरीचे पहिले कारण ‘पालकांचे अज्ञान’ असे ठरून गेलेले असते. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांच्या मराठी शाळांत तीस वर्षे शिकवून मी निवृत्त झालो. हे कारण मला कधीच पटले नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कारखान्यांची धुराडी पेटली, की बीड आणि विजयपूरकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाचा अर्धा कोयता, असा त्यांचा हिशेब असतो. टोळी आणणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेऊन खर्च झालेली असते आणि ती तोडलेल्या टनांवर फिटायची असते, त्यामुळे आई तान्ह्या मुलापाशी थांबली तर तेवढी मोळी कमी पडते आणि उचल पुढच्या हंगामावर जाते. मग धाकट्याला दहा वर्षांची थोरली सांभाळते. आणि ती फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतात, आहेच म्हणून वाढे (उसाचे शेंडे) गोळा करते, पेंढ्या बांधते, पाणी भरते, बैलांना वैरण टाकते. तिला कोणी कामावर ठेवलेले नसते, तिच्या नावाने कोणी पैसे मोजत नाही आणि कोयत्याच्या हिशेबातही ती नसते. निपाणी भागात घरी बिड्या वळणाऱ्या बायांचे गणितही असेच आहे: मजुरी हजार बिड्यांवर, म्हणून पाने कातरायला आणि दोरा बांधायला मुलींचे हात लागतात.

बालमजुरीचा अभ्यास करण्यासाठी सरकारने नेमलेल्या गुरुपादस्वामी समितीने १९७९ मध्ये म्हटले होते, की गरिबी आहे तोवर बालमजुरी पूर्णपणे संपवणे कठीण आहे. हे वाक्य पुढे फार जणांच्या सोयीचे ठरले. माझ्या वर्गात गावातल्या भूमिहीन मजुरांची मुले नियमित येत, आणि ती घरे कोपीतल्या घरांपेक्षा काही श्रीमंत नव्हती. फरक इतकाच होता, की त्यांच्या आईबापांची मजुरी रोजावर होती आणि त्यांना गाव सोडावे लागत नव्हते. बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सगळ्याच कामांवर ठेवण्यास बंदी केली, परंतु घरच्या व्यवसायात शाळेची वेळ सोडून मदत करण्याची मुभा ठेवली. फडावर ऊस दुसऱ्याचा आणि कारखानाही दुसऱ्याचा; घरचे म्हणावे असे तिथे फक्त कर्ज असते. तरीही येणाऱ्या अधिकाऱ्याला ती मुलगी आईला हातभार लावणारी लेकच दिसते.

अशीच एक मुलगी, भाऊ कडेवर घेऊन, एका डिसेंबरात शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहत असे. आम्ही पाढे म्हणू लागलो की तीही बाहेरून म्हणे, आणि चौदाच्या पाढ्यापर्यंत तिचा आवाज कुठेही अडखळत नसे. आत ये म्हटले तर म्हणाली, “सर, माझं नाव गावच्या शाळेत हाय.” ते खरेच होते. नाव महाराष्ट्रातल्या हजेरीपटावर आणि पोर कर्नाटकातल्या फडावर, त्यामुळे ती शाळाबाह्य आहे असे दोन्हीकडच्या कागदांतून दिसत नव्हते. त्या वर्षी आमच्या शाळेचा पट इतका घटला होता, की शाळा राहते की जाते याची चर्चा चालू होती. आणि अर्ध्या किलोमीटरवर मराठी बोलणारी वीस-बावीस मुले उसाच्या पाचटात बसलेली होती. सीमाभागातील मराठी शाळांसाठी तळमळीने भाषणे करणाऱ्यांपैकी (मीही त्यांतलाच) कोणालाही कोप्यांकडे जावेसे वाटले नाही, याची मला आज लाज वाटते. मी तिला वर्गात बसवले ते जानेवारीत, तेही भावासकट. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे मला त्याआधी नीट ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजना आहे, कर्नाटकात स्थलांतरितांच्या मुलांसाठी टेंट शाळांची सोय आहे. पण एका राज्याची यादी दुसऱ्या राज्याच्या शाळेपर्यंत पोहोचत नाही. टोळीत कोयते किती आणि उचल कोणाकडे किती, याची नोंद गळिताच्या पहिल्या दिवसापासून ठेवली जाते. त्याच वहीत टोळीबरोबर आलेल्या मुलांची नावे, वये आणि गावची शाळा एवढे तीन रकाने वाढवावेत आणि ती यादी आठवड्याच्या आत तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. दोन्ही राज्यांच्या शिक्षण खात्यांनी हे येत्या हंगामाआधी ठरवावे, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. पट कमी झालेल्या मराठी शाळांत बाके रिकामी आहेतच.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक, चिकोडी