ऊन आहे म्हणून आगीचं प्रशिक्षण रद्द

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रशिक्षण विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

विषय : अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर येथील आमच्या टॉवेल युनिटमध्ये घेतलेला 'अग्निशमन व आपत्कालीन वैद्यकीय प्रतिसादक' प्रात्यक्षिक कोर्स, त्यात न झालेलं प्रात्यक्षिक, आणि तरीही तुम्ही मागत असलेली उरलेली निम्मी रक्कम

महोदय,

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरच्या मुलाने फोन ठेवताना मला "हॅव अ सेफ डे, मॅडम" म्हटलं. तेव्हापासून डोकं तापलंय. यापुढे फोनवर बोलणार नाही, जे असेल ते लेखी.

कोर्स तुमचा आहे, त्यात काय असतं ते मी तुम्हाला शिकवायला नको. तरी तुमच्या माहितीपत्रकातली ओळ खाली उतरवते, कारण तुमच्याच लोकांनी ती वाचलेली दिसत नाही : 'प्रत्येक प्रशिक्षणार्थी स्वतःच्या हाताने आग विझवेल, होज धरेल, बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क) घालेल आणि सीपीआर देईल.' या एका ओळीवर आमच्या मालकांनी सही केली. नुसतं भाषण ऐकायचं असतं तर मीच दिलं असतं. औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा माझ्याकडेही आहे.

पहिल्या दिवशी सकाळी आवारात डिझेलचा ट्रे पेटवायचा होता. ट्रे आम्ही करून ठेवला होता. वाळूच्या बादल्या भरल्या होत्या, हायड्रंटचा पंप चालवून बघितला होता, शेजारच्या दोन्ही युनिटना आणि अग्निशमन केंद्राला आधी कळवलं होतं, कारण इथे धूर दिसला की लोक लगेच 101 फिरवतात. तुमचे ट्रेनर आले, पत्र्याच्या सावलीत उभे राहिले आणि म्हणाले, "ऊन फार आहे, आतच घेऊ." एप्रिल महिना, सोलापूर. इथे तेव्हा पारा चाळीसच्या वर असतो ही बातमी पुण्यापर्यंत पोचली नसेल तर आता पोचली समजा. आगीचं प्रशिक्षण, आणि गरम होतंय म्हणून रद्द! आमच्या बॉयलरवरचा माणूस हे ऐकून इतका हसला की मलाच त्याला गप्प करावं लागलं.

मग आत काय झालं? स्लाइड. 1944 साली मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, म्हणून 14 एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या जवानांपुढे मान झुकतेच, आणि तो दिवस आम्हीही पाळतो. पण त्यानंतर रिफायनरीची आग, मग कुठल्या तरी परदेशी टॉवरची आग, मग विमानतळावरचा फोमचा बंब. आमच्याकडे रिफायनरी नाही हो. आमच्याकडे सूत आहे, तयार टॉवेलच्या गठ्ठ्यांचं गोदाम आहे, आणि छपराच्या कैचीवर, पंख्यावर, ट्यूबलाइटवर बसणारी रुईची बारीक धूळ आहे. आमच्या वार्पिंगच्या माणसाने सरळ विचारलं की गठ्ठ्याला आग लागली तर काय करायचं. उत्तर मिळालं, "एबीसी मारायचा." बस्स. एबीसी सिलिंडरमधल्या पावडरने वरची ज्वाळा पडते, पण गठ्ठा आत धुमसत राहतो. पावडर गार करत नाही. गठ्ठा उचलून बाहेर काढावा लागतो, फोडावा लागतो, आतपर्यंत पाणी मुरवावं लागतं, नाहीतर तासाभराने तोच गठ्ठा पुन्हा पेटतो. हे मी उभं राहून सांगितलं. ट्रेनर म्हणाले, "करेक्ट, मॅडमनी छान पॉइंट मांडला," आणि पुढची स्लाइड. पैसे मात्र तुमचे!

आता फोटोंबद्दल. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर सगळ्यांना आवारात नेलं. मला वाटलं आता तरी ट्रे पेटणार. सहा किलोचा एक सिलिंडर ट्रेनरनी स्वतः मोकळ्या जमिनीवर मारून दाखवला. पंधरा-वीस सेकंदांत तो संपला, काटा लाल पट्टीत गेला. मग तोच रिकामा सिलिंडर एकेकाच्या हातात दिला, पिन काढल्यासारखी पोज घ्यायला लावली आणि फोटो काढले. माणूस बदलायचा, सिलिंडर तोच. हे फोटो आता तुमच्या पेजवर 'सोलापुरात यशस्वी लाइव्ह फायर ट्रेनिंग' या मथळ्याखाली झळकतायत. झूम करून बघा. प्रत्येक फोटोत काटा लाल पट्टीत आहे.

होजचं तर विचारूच नका. पाइप उलगडून दाखवला, तो कोरडाच. तुम्ही आणलेल्या होजच्या कपलिंगमध्ये वॉशर नव्हता, म्हणून पाणी सोडता येईना. आमच्या होज बॉक्समध्ये दोन चांगले होज होते, ते घ्या म्हटलं तर "डेमोला एवढं पुरे." सात बारचं पाणी सुटल्यावर होजच्या टोकाची ब्रँच हाताला कसा झटका देते, एकट्याने का धरायची नसते, मागच्या माणसाने खांदा कुठे लावायचा, हे कोरड्या पाइपवर कसं कळणार? आणि शिलाई विभागातल्या बायका पुढे आल्या तेव्हा ट्रेनर म्हणाले, "लेडीजनी बघितलं तरी चालेल." त्या बायका दिवसभर गठ्ठे उचलतात. रात्रपाळी सोडली तर युनिटमध्ये निम्म्याहून जास्त माणूस बायकांचाच असतो. आग लागली तर त्यांनी बघत उभं राहायचं?

बीए सेट एक आणला होता. सिलिंडरमध्ये हवा नव्हती. सहा लिटरचा सिलिंडर 300 बारला भरला की 1800 लिटर हवा, मिनिटाला 40 लिटरने 45 मिनिटं; आणि घाबरलेला, धावणारा माणूस ती त्याच्या कितीतरी आधी संपवतो. हे गणित फळ्यावर छान लिहिलं. पण मास्क घट्ट बसल्यावर श्वास कसा कोंडल्यासारखा होतो, हवा संपत आल्यावर शिट्टी वाजते ती कशी वाजते, यातलं काहीच कोणाला कळलं नाही. "समजा की हवा आहे," म्हणाले. बरं, समजलो.

दुसरा दिवस वैद्यकीयचा. बॅचमध्ये वीसच्या वर माणसं आणि सीपीआरचा पुतळा एक. त्याच्यातला दाब पुरेसा झाल्यावर टक्क वाजणारा भागही बिघडलेला. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांना 2 श्वास, हे सगळं फळ्यावर. प्रत्यक्षात एकेकाला चार-पाच दाब देऊन "नेक्स्ट". दोन मिनिटं सलग दाब दिल्यावर दंड कसे भरून येतात, माणूस बदलावा का लागतो, हे अंगाला कळायला हवं. तेच तर प्रात्यक्षिक. हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र चार्ज केलेलं नव्हतं. जखमीला पाठ न हलवता उचलायचा स्पाइन बोर्ड टेम्पोतून उतरवलाच नाही. आणि भाजलेल्या जागी बर्फ लावा असं तुमच्या ट्रेनरनी सांगितलं. बर्फ! डाइंगमध्ये, म्हणजे सूत रंगवताना, गरम पाण्याने भाजण्याचे प्रकार आमच्याकडे होतात. नळाचं गार वाहतं पाणी 20 मिनिटं, हे आमच्या प्रथमोपचार पेटीवर चिकटवलेलं आहे. दुसऱ्या दिवशी एका बाईने मला विचारलं, कागद काढून टाकू का.

बुकिंगच्या फॉर्मवर भाषेच्या रकान्यात मी 'मराठी, तेलुगू' लिहिलं होतं. आमच्या शिलाईतल्या बऱ्याच बायका सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मराठी त्यांना येतं, हिंदी कामापुरतं, इंग्रजी नाही. स्लाइड इंग्रजीत, बोलणं हिंदीत, आणि शेवटची परीक्षा इंग्रजीत. उत्तरं ट्रेनरनी मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळ्यांनी टिक केली. सगळे पास.

सगळे म्हणजे अगदी सगळे. आमच्या लूम विभागातला एक जण त्या दोन्ही दिवशी रजेवर होता, गावी. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे माझ्या हाताने 'रजा' लिहिलेलं आहे. त्यालाही तुमचं प्रमाणपत्र आलं. 'ए ग्रेड'. 'उत्कृष्ट प्रात्यक्षिक कौशल्य'. खरं सांगायचं तर इतरांइतकंच त्याचंही कौशल्य असावं.

आता आजचा फोन. हा सविस्तर सांगणार आहे. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होत असतील तर ऐका, नसतील तर माझ्यावर विश्वास ठेवा.

मुलाने आधी विचारलं, "सेफ्टी ऑफिसर सरांशी बोलता येईल का?" म्हटलं मीच सेफ्टी बघते. "ओके, पण डिसिजन मेकर कोण आहेत?" म्हटलं, आधी तक्रार ऐका, डिसिजन नंतर बघू. मग त्याने माझी तक्रार त्याच्या स्क्रीनवर वाचली आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं तिकीट क्लोज झालंय." कशावरून? "नावातील दुरुस्ती, पूर्ण." मी नावाची दुरुस्ती कधी मागितली? म्हणाला, "सिस्टिममध्ये प्रमाणपत्राच्या तक्रारीला तीनच ऑप्शन आहेत, नावात दुरुस्ती, डुप्लिकेट प्रत आणि जीएसटी इन्व्हॉइस." मी म्हटलं, माझी तक्रार प्रमाणपत्राची नाही, प्रशिक्षणाची आहे. प्रशिक्षण झालंच नाही. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "पण मॅडम, सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं ना?" हो. "मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी त्याला रजेवरच्या माणसाचं सांगितलं. वाटलं आता तरी ओशाळेल. तर म्हणतो, "मग तर तुमचा एक कँडिडेट एक्स्ट्रा झाला, मॅडम. तुमचाच फायदा." मी विचारलं, उद्या गोदामाला आग लागली तर हा एक्स्ट्रा कँडिडेट काय करणार? आणि बाकीचे काय करणार? त्यावर तुमच्या मुलाने, अग्निशमनाचं प्रशिक्षण विकणाऱ्या कंपनीच्या मुलाने, मला शांतपणे सांगितलं, "तसं काही झालं तर प्लीज 101 ला कॉल करा, मॅडम."

101 आम्हाला माहीत आहे. 108 ही माहीत आहे. बंब एमआयडीसीच्या रस्त्याने येईपर्यंतची जी मिनिटं असतात, त्या मिनिटांसाठी तर तुम्हाला पैसे दिले होते.

यानंतर त्याने उरलेली रक्कम कधी जमा होईल असं विचारलं, आणि मग ते 'सेफ डे'.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते, लिहितेच. मे 2025 मध्ये आमच्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्यात लहान मूल होतं. त्या दिवसापासून इथे कुठल्याही युनिटमध्ये जळका वास आला तरी लोक काम टाकून दारात येतात. तुमच्या सेल्सच्या साहेबांनी पहिल्याच फोनवर ही आग स्वतःहून काढली होती. "तुमच्याकडे तर मोठी घटना झाली ना, मग मॅडम रिस्क घेऊ नका," असं म्हणून कोर्स गळ्यात मारला. माल विकताना ती आठ माणसं आठवतात, आणि ट्रे पेटवायची वेळ आली की ऊन लागतं. तुमचं नाव ऐकून, इतर ठिकाणी तुमचे फलक बघून आम्ही तुम्हाला बोलावलं होतं. स्वस्तातला माणूस इथेही मिळाला असता, आणि त्याने निदान पाणी तरी सोडलं असतं.

मला पैशाइतकीच काळजी या कागदांची आहे. कारखान्यात प्रथमोपचार पेटी ज्याच्या ताब्यात असते तो माणूस प्रशिक्षित असावा लागतो. उद्या कारखाना निरीक्षक आले, मी तुमची प्रमाणपत्रं पुढे केली आणि त्यांनी एखाद्या बाईला विचारलं की सीपीआर दाखवा, तर खोटी मी पडणार. तुम्ही पुण्यात 'तिकीट क्लोज' करून बसाल.

तेव्हा ऐका. उरलेली निम्मी रक्कम मिळणार नाही. एक तर कोर्स पुन्हा घ्या, आमच्या आवारात, आमच्या पाण्यावर : ट्रे पेटवून, प्रत्येकाच्या हातात भरलेला सिलिंडर देऊन, बायकांच्या हातात आधी, भरलेला बीए सेट, चालू एईडी आणि चार-पाच माणसांमागे एक तरी पुतळा, मराठीत बोलणारा ट्रेनर, तेलुगूची सोय आम्ही करतो. सकाळी सातला सुरू करा, ऊन लागणार नाही. नाहीतर आगाऊ घेतलेले पैसे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस येईल, आणि रजेवरच्या माणसाचं 'ए ग्रेड' प्रमाणपत्र हजेरीपटासकट आमच्या उद्योजक संघटनेच्या ग्रुपवर जाईल. त्या ग्रुपवर तुमच्या सेल्सच्या साहेबांचे आणखी बरेच ग्राहक आहेत. आमच्या लोकांचे रिकाम्या सिलिंडरसोबतचे फोटो पेजवरून आजच काढा, त्यासाठी पंधरा दिवस नाहीत.

सगळी प्रमाणपत्रं या पत्रासोबत परत पाठवत आहे. रजेवरच्या माणसाचं तेवढं ठेवून घेतलंय.

सुरक्षा व कर्मचारी विभाग,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

ता. क. : तुमचा तो रिकामा सिलिंडर आमच्या गेटवरच राहिला आहे. न्यायला माणूस पाठवा. गेटपास लागेल, आणि तो मीच देते.