पाण्याचं बोलणार नव्हते

प्रिय मनू,

काल मी फोनवर "सोड ती इंजिनावरची नोकरी" म्हणाले आणि तू फोन ठेवलास. ठीकच केलंस. आजारी पोरीला झापलं म्हणून बाबा रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. झापलं नाही गं. पाणी न पिऊन तिसऱ्यांदा युरिन इन्फेक्शन, अंगात ताप, आणि तू ते "गाडी लेट आहे" इतक्या सहज सांगितलंस.

फोनवर मी तुला बोलू देत नाही, म्हणून लिहितेय. पाण्याचं परत काढणार नाही.

तुझी सहाय्यक लोको पायलटची, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या मदतनिसाची, ऑर्डर आली त्या दिवशी बाबांनी ट्रंकेतून ते कात्रण काढलं होतं. ८ मार्च २०११ ला देशातल्या पहिल्या महिला इंजिन ड्रायव्हर सुरेखा यादवांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली, त्याचं. तू तेव्हा दहा वर्षांची. तुझा एकच प्रश्न, "घाटातपण त्याच चालवणार?" मग बाबांनी जमिनीवर फूटपट्टी तिरकी धरून तुला खंडाळ्याच्या घाटातला ३७ ला १ चा चढ, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, समजावला. मी हसले होते. १३ मार्च २०२३ ला त्यांनीच सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, तेव्हा तू परीक्षेच्या अभ्यासात बुडालेली. आता मात्र ते कात्रण पाहिलं की मला घाट आठवत नाही. इतकी वर्षं या बाईंनी पाण्याचं काय केलं असेल, हेच मनात येतं.

आलेच बघ परत तिथे.

मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, तास न् तास उभी, बाहेर काळोख, इंजिनात बाथरूमची सोय नाही, म्हणून ड्यूटीच्या दोन तास आधीपासून पाणी बंद. हे तू मला हिशेब सांगावा तसं सांगितलंस. ब्रेकचं प्रेशर पडलं की टॉर्च आणि वॉकीटॉकी घेऊन भर पावसात पन्नासेक डबे तपासायला तूच उतरतेस ना? तेव्हा भीती वाटत नाही, आणि लोको पायलटना "मला जायचंय" म्हणायची लाज वाटते? सिग्नल दिसला की मोठ्याने पुकारायचा हा तुमचा नियम. मग हे का गिळून बसायचं?

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. ही सवय मीच तर लावली. शाळेची सहल असो की एसटीचा प्रवास, "आता पाणी नको, मध्ये कुठे जाशील?" दादाला असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. माझ्या ऑफिसात वीस पुरुष आणि मी एकटी. बाथरूमची किल्ली शिपायाकडे असायची. तीस वर्षांत ती मी किती वेळा मागितली, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील. तू इंजिनावर चढलीस तेव्हा मला वाटलं, ती किल्ली आता कायमची सुटली.

खालच्या श्रावणीने सहाय्यक लोको पायलटचा फॉर्म भरलाय. तुझा इंजिनाच्या दारातला फोटो तिच्या मोबाईलवर आहे. पूर्वी जिन्यात भेटली तरी मान खाली घालून जायची. आता मला थांबवून सिग्नलचे रंग समजावते. (चुकीचे सांगते, पण मी ऐकून घेते.) तुझ्यामुळे गं ते. परवा तिच्या आईने विचारलं, "बाकी काही त्रास नाही ना पोरीला?"

मी नाही म्हणाले, मनू. खोटं बोलले. त्या पोरीला एवढं बळ आलंय, ते कसं मोडू? पण उद्या तीही दोन तास आधी पाणी बंद करायला लागली तर?

काही इंजिनांत आता सोय केलीय म्हणालीस. तसलं इंजिन तुझ्या वाट्याला किती वेळा येतं? तुम्ही चौघी मिळून अर्ज देणार होतात, त्याचं काय झालं? बाबा मसुदा लिहून द्यायला तयार आहेत. तूच लिही, त्यांचा अर्ज चार पानांचा होतो.

नोकरी सोड असं मी परत म्हणणार नाही. निदान ताप उतरेपर्यंत तरी नाही. गोळ्यांचा कोर्स पुरा कर. जरा बरं वाटलं की बंद करायची तुझी खोडच आहे.

रविवारी मी श्रावणीच्या आईला खरं काय ते सांगणार आहे. तुझं आहे, म्हणून आधी तुला विचारते. नको वाटत असेल तर त्याआधी फोन कर.

तुझी,
आई

ता. क. वाचून झालं असेल तर ऊठ आणि भांडंभर पाणी पी.