रात्रीचे आयनांबर वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

मध्य अक्षांशांवरील आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांत, रात्री इलेक्ट्रॉनांची घनता कशी बदलते, या विषयावरील माझा एम. एस्सी.चा प्रबंध नुकताच विभागात सादर झाला. त्यातील विवेचनाचा कणा आपल्या धरमपेठेतील घरी, आपण आपुलकीने दिलेल्या वेळात तयार झाला आहे. आभार खासगीतही मानता आले असते. परंतु आपण दाखवलेली विचाराची वाट नागपुरात हा विषय हाती घेणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपण आरंभ केलात तो प्रक्षेपण अभियंता म्हणून आलेल्या अनुभवापासून. नागपूरच्या एक मेगावॅटच्या मध्यम लहरी प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्री दूरदूरच्या प्रांतांत ऐकू जात असे, कारण दिवसा या लहरी शोषून घेणारा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील डी थर सूर्यास्तानंतर झपाट्याने विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परत फिरतात. हे सांगून आपण विचारलेत की, सूर्य तर सगळ्याच थरांसाठी मावळतो, मग ३०० किलोमीटरच्या आसपासचा एफ२ थर पहाटेपर्यंत टिकतो कसा? माझा प्रबंध म्हणजे या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

खालच्या ई थरात नायट्रिक ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे रेण्वीय आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले रेणू, असतात आणि ते इलेक्ट्रॉनांशी चटकन संयोग पावतात. एफ२ थरात मात्र ऑक्सिजनच्या अणूचे आयन असतात. त्यांना आधी नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूशी अभिक्रिया करावी लागते, तेव्हा कुठे इलेक्ट्रॉन नष्ट होऊ शकतो. हे रेणू उंचीबरोबर वेगाने विरळ होत असल्यामुळे थर जितका वर, तितका ऱ्हास मंद. म्हणूनच आपण आग्रह धरलात की, घनतेच्या आलेखाशेजारी थराच्या उंचीचा आलेख ठेवल्याखेरीज रात्रीबद्दल एकही विधान करू नये. जपानमधील वाक्कानाई येथील आयनोसोंडच्या, म्हणजे रेडिओ लहरी वर सोडून थरांचा वेध घेणाऱ्या उपकरणाच्या, नोंदी मी त्याच रीतीने वाचल्या. शांत दिवशी दुपारी ९ मेगाहर्ट्झ असलेली क्रांतिक वारंवारता (सरळ वर सोडल्यावर थरावरून परत येणारी सर्वाधिक वारंवारता; घनता तिच्या वर्गाच्या प्रमाणात असते) रात्री ३ मेगाहर्ट्झवर आली, तर घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे दहा लाखांवरून एका लाखाजवळ आली, असा अर्थ होतो. पण ती तिथेच का थांबली, हे उंचीकडे पाहिल्यावरच उलगडू लागते. रात्री विषुववृत्ताकडे वाहणारे उच्च वातावरणातील वारे पृथ्वीच्या कललेल्या चुंबकीय बलरेषांवरून आयनांना वर ढकलतात आणि थराला कमी ऱ्हासाच्या उंचीवर धरून ठेवतात.

दुसरा आधार प्लाझ्मावरणाचा, म्हणजे आयनांबराच्या वर बलरेषांत धरलेल्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या आवरणाचा. दिवसा ऑक्सिजनच्या आयनांचा भार हायड्रोजनकडे जातो आणि ते आयन बलरेषांवरून वर साठतात. रात्री तेच खाली उतरून पुन्हा ऑक्सिजनचे आयन निर्माण करतात. याला आपण दिवसा भरून ठेवलेला हौद म्हणालात, आणि चुंबकीय वादळात हा हौद रिता झाल्यावर तो भरायला अनेक दिवस लागतात, हेही त्याच ओघात सांगितलेत. हिवाळ्यातील काही रात्री सूर्यप्रकाश नसतानाही घनता वाढलेली दिसते, त्या नोंदींचा अर्थ लावताना मला याचाच आधार मिळाला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आपली एक ताकीद: नागपूरच्या डोक्यावरील आकाश मध्य अक्षांशांचा नमुना म्हणून वापरू नये. आपले शहर चुंबकीय विषुववृत्तापासून फारसे दूर नाही. इथल्या घनतेवर विषुववृत्तीय विद्युतक्षेत्राने उचललेल्या प्लाझ्माचा (आयन-इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणाचा) मोठा प्रभाव असतो. तुलनेसाठी आपण १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात लक्षात आलेले अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राचे उदाहरण सुचवलेत, जिथे उन्हाळ्यात घनता दुपारपेक्षा रात्री अधिक असते. रात्र म्हणजे निव्वळ ऱ्हास, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर मला अन्यत्र सापडले नाही.

मौखिक परीक्षेत वारे आणि प्लाझ्मावरण यांचे परिणाम वेगळे कसे ओळखावेत, यावरच सर्वाधिक प्रश्न आले आणि आपल्यासमोर अनेकदा मांडलेला तो भाग मी शांतपणे मांडू शकले. यापुढे वादळानंतरच्या रात्रींच्या नोंदी अभ्यासायचा विचार आहे. प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन मी लवकरच आपल्याकडे येईन. काकूंनाही माझा नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी
नागपूर