सांधे सुजण्याआधीच उपचार

आमवातावरील (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) संशोधनाची नवी दिशा मला फार आशादायक वाटते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रिटन व नेदरलँड्समधील २१३ जण होते. त्यांचे सांधे दुखत होते, रक्तात या आजाराची चाहूल देणारी प्रतिपिंडेही (अँटीबॉडीज) होती. पण सांध्यांना सूज आलेली नव्हती. अबाटासेप्ट हे औषध घेणाऱ्यांपैकी वर्षभरात ६ टक्के लोकांना आमवात जडला, तर औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. उपचार थांबल्यावर हा फरक कमी होत गेला, हेही खरे. शिवाय हे औषध महाग आहे. पण रोज सकाळी तासभर बोटे आखडून बसणाऱ्या बाईला ‘वयाचा त्रास’ म्हणून वेदनाशामक गोळ्यांवर परत पाठवणे तरी थांबवा! अशी प्रतिपिंडे शोधणारी अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत मिळावी.

– एक वाचक, सातारा