निवतीच्या तांडेलदादांना आणि खलाशी मंडळींना

सप्रेम नमस्कार,

निवतीसमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरच्या सुरयांसाठी (टर्न या समुद्रपक्ष्यांसाठी) तुम्ही जे करता, त्यातलं निम्मं 'न करणं' आहे. म्हणून ते कुणाला दिसत नाही, आणि म्हणूनच हे जाहीर पत्र.

पहिले आभार, घरट्यांच्या हंगामात खडकावर न उतरल्याबद्दल. काळ्या तुऱ्याचा मोठा सुरय उघड्या कातळावर एकच अंडं घालतो, तेही दाटीवाटीनं. माणूस चढला की अख्खी वसाहत एकदम उठते. दुपारच्या उन्हात अंडं उघडं राहिलं तर आतला जीव भाजतो, कावळा-घार तर टपलेलीच. पिल्लं सैरावैरा पळून परक्या घरट्यात शिरली की तिथले मोठे पक्षी त्यांना टोचून काढतात. ब्रायडल्ड टर्न या दुसऱ्या जातीच्या सुरयाचं अंडं कपारीत, सुट्या दगडाखाली असतं. ते चिरडलं तरी पायाला कळतसुद्धा नाही. मोजणीसाठी तुम्ही होडी लांब उभी करून, इंजिन मंद ठेवून फोटो काढू देता, ते पुरतं. उतरावंच लागलं तर सकाळी लवकर आणि अर्ध्या तासाच्या आत परत, हा तुमचा हट्ट अगदी बरोबर आहे.

दुसरे आभार उंदरांबाबतचे, आणि आमच्या मते हेच सर्वांत मोलाचे. एक गाभण मादी बेटावर पोचली की पुरे: सुमारे तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्लं, आणि खायला समोर अंडी. उंदीर येतो तो जाळ्यांच्या ढिगातून, तांदळाच्या पोत्यातून, नाहीतर खडकाला बांधलेल्या दोरावरून चालत. तुम्ही जाळी जेटीवरच झटकता, शिधा झाकणाच्या ड्रममध्ये नेता, दोर न बांधता नांगर टाकता. याहून स्वस्त संरक्षण नाही. एकदा उंदीर रुजला की तो हटवायला विषारी आमिष बेटाच्या कपारी-कपारीत पोचवावं लागतं. एक जोडी सुटली तरी सगळं पाण्यात.

रात्री डेकवरचे दिवे मालवता, म्हणजे पक्षी बिथरत नाहीत; मासळीची घाण बेटापासून लांब टाकता, म्हणजे कावळ्यांना तिथे मुक्काम करायला कारण उरत नाही. हेही लक्षात आहे.

आणि गुहेत घरटी बांधणारी पाकोळी, हा छोटा पक्षी. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी 1940 च्या सुमारास बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात इथल्या सुरयांसोबत तिच्याबद्दलही लिहिलं होतं. लाळेनं बांधलेल्या त्या घरट्यांना परदेशात सूपसाठी भाव येतो. बांबूची परांची बांधून ती खरवडून नेण्याचे प्रकार इथे झालेत. अनोळखी होडीत बांबू दिसले की तुम्ही वनखात्याला कळवता, हा पहारा पगारी माणसाला जमला नसता.

एक विनंती. सोबत मेण आणि खोबऱ्याचा कीस मिसळून केलेले गोळे पाठवतो आहोत. उतरण्याच्या जागी, भरतीरेषेच्या वर, तारेनं कपारीत बांधा. पुढच्या फेरीत शेजारी-शेजारी दोन खाचांच्या जोड्या दिसल्या तर तो उंदीर. वेड्यावाकड्या ओरखड्यांकडे लक्ष देऊ नका, ते खेकड्याचे. शंका आली तर गोळा तसाच डबीत घालून आणा, धुऊ नका.

आपले,
बेटावरच्या घरट्यांची नोंद ठेवणारे