बाळूच्या हातात फोन द्या

मँचेस्टर

ती. दादा,
सा. न. वि. वि.

चंदगडात रोप लावून झालं का? इथंही पाऊस आहे, पण आपल्यासारखा दणकून नाही, नुसता चिरचिर.

तुझा बाळू बेळगावात चार पोरांत तोंड उघडत नाही, वर्गाचा सीआर व्हायला उभासुद्धा राहिला नाही, 'बी. फार्म. करून लीडरशिप कुठनं येणार' म्हणालास. २५ सप्टेंबरला फार्मासिस्ट दिनाच्या रॅलीत जो बॅनर धरतो तोच लीडर, असंच आपल्याला वाटतं बघ.

परवाची गोष्ट. आमच्या औषधांच्या दुकानात एक शिकाऊ मुलगी आहे. इथं चार वर्षांच्या एम. फार्म.नंतर वर्षभर असं काम शिकावं लागतं. बोलण्यात ती बाळूचीच बहीण शोभेल. सांधेवाताच्या एका आजींची चिठ्ठी आली: मेथोट्रेक्सेट, रोज. त्या दुखण्याला ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात; रोज पोटात गेली तर रक्तपेशी तयार व्हायच्या मंदावतात, जिवावर बेतू शकतं. पोरीनं चिठ्ठी दोनदा वाचली, कान लाल झाले. डॉक्टरांना फोन मीच लावणार होते, पण तो तिच्यापुढं सरकवला. म्हटलं, "तू कोण, काय चुकलंय, काय बदलून हवंय, एवढंच बोल." आवाज कापत होता, पण डॉक्टरांनी चिठ्ठी बदलली. मग लेबलवर 'सोमवारी' असा वार तिनं आपणहून घातला. त्या दिवसाच्या जबाबदार फार्मासिस्टचं नाव नि नोंदणी क्रमांक इथं दुकानात लावावाच लागतो. पाटीवर नाव माझं होतं, म्हणून शेजारी उभी राहिले, तोंड मात्र मिटून. फार कठीण गेलं.

वहिनीच्या भावाचं शहापुरात मेडिकल आहे ना, दर शनिवारी बाळूला तिथं काउंटरला बसव. खोकी फळीवर लावायला नको. एच-वनचं रजिस्टर, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिकसारख्या औषधांच्या विक्रीची वही, त्याच्याकडं दे, २०१४ पासून ते ठेवावंच लागतं: डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध किती दिलं. ओळखीचा माणूस चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायला आला की 'नाही' त्यालाच म्हणू दे. गिऱ्हाईक कुणी कन्नड, कुणी मराठी, आणि स्ट्रिपवर सगळं इंग्रजी. बाळूला दोन्ही भाषा येतात. गोळी देऊन झाल्यावर त्यानं एवढंच म्हणायचं, "आता मला सांगा बघू, कशी घेणार?" आणि ऐकून घ्यायचं. ऐकण्यात तो तुझ्यापेक्षा बरा आहे, रागावू नकोस.

मामांना मात्र बजावून ठेव: पोरगं डॉक्टरांना फोन लावेल तेव्हा हातातनं ओढून घ्यायचा नाही.

आईची बीपीची गोळी संपत आली असेल. बाळूलाच आणायला सांग, नि कशी घ्यायची ते आईकडनं वदवून घेऊ दे.

तुझी धाकटी